विद्यापीठाच्या इन्क्युबेटरमध्ये कंपनी घडते तेव्हा

नव्या कंपन्यांना सुरुवातीची काही वर्षं आधार देणाऱ्या विद्यापीठाच्या इन्क्युबेटरमध्ये अर्ज घेऊन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा जागेचा असतो. टेबलं किती मिळतील, रात्री उशिरापर्यंत थांबता येईल का, बैठकीची खोली कशी मिळते. प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या उत्तरांवर कंपनीचं फारसं काही ठरत नाही. आम्ही काही जण आधी संस्थापक म्हणून या प्रक्रियेतून गेलो आणि पुढे दुसऱ्यांचे अर्ज तपासायलाही बसलो. दोन्हीकडून पाहिल्यावर मत पक्कं झालं की विद्यापीठाच्या इन्क्युबेटरमधली सर्वांत कमी मोलाची गोष्ट म्हणजे जागा. मोलाच्या गोष्टी वेगळ्या आहेत: तंत्रज्ञानाच्या मालकीचा स्वच्छ कागद, स्वतःच्या पैशाने कधीच घेता येणार नाहीत अशी उपकरणं वापरण्याची मुभा, आणि अडचणीचे प्रश्न दर महिन्याला न चुकता विचारणारी माणसं. या गोष्टी घेण्याचा एक क्रम आहे. तो चुकला तर दोन वर्षांनी दुरुस्ती करायला वकील लागतो.

तसा इन्क्युबेटरचा उगम जागेतूनच झाला. १९५९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बाटाविया गावात, शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने सोडून दिलेला एक अवाढव्य कारखाना रिकामा पडला होता. संपूर्ण इमारत घेणारा भाडेकरू मिळेना, म्हणून जोसेफ मॅनक्युसो यांनी ती तुकड्या-तुकड्यांत छोट्या उद्योगांना दिली आणि जोडीला हिशेब, सल्ला, भांडवल मिळवण्यात मदत अशा सोयी दिल्या. विद्यापीठं यात नंतर उतरली. फिलाडेल्फियात १९६३ मध्ये अनेक शिक्षणसंस्थांनी मिळून युनिव्हर्सिटी सिटी सायन्स सेंटर उभं केलं, तर रेन्सेलर पॉलिटेक्निकने १९८० मध्ये स्वतःचा इन्क्युबेटर सुरू केला. त्याच १९८० मध्ये अमेरिकेत बे-डोल कायदा झाला आणि सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाची मालकी विद्यापीठांना स्वतःकडे ठेवता येऊ लागली. पुढे अनेक देशांनी त्या धर्तीवर नियम केले. विद्यापीठाचा इन्क्युबेटर आणि साधं सामायिक कार्यालय यांतला फरक इथून सुरू होतो, कारण इथे आत येणाऱ्या कंपनीचं तंत्रज्ञान बहुधा विद्यापीठाच्या मालकीचं असतं.

अर्जाच्याही आधी

म्हणून सुरुवात इन्क्युबेटरच्या कार्यालयात करायची नाही, विद्यापीठातल्या शोधांची पेटंटं आणि परवाने सांभाळणाऱ्या तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालयात करायची. तिथे शोधाची नोंद करणारा अर्ज भरावा लागतो. काय शोधलं, कोणी शोधलं, कधी सुचलं, काम कोणाच्या पैशातून झालं आणि आतापर्यंत बाहेर कोणाला दाखवलं, एवढंच त्यात असतं. पहिले तीन रकाने लोक तासाभरात भरतात. उरलेल्या दोनांत गाडी अडते.

पैशाचा रकाना आधी पाहू. एखाद्या उद्योगाने प्रायोजित केलेल्या प्रकल्पातून शोध निघाला असेल, तर करारात त्या उद्योगाला परवाना घेण्याचा पहिला हक्क दिलेला असण्याची शक्यता मोठी असते. तो हक्क किती महिने टिकतो, लेखी नकार मिळाला आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये. दुसऱ्या संस्थेकडून आणलेले नमुने, पेशी, विदासंच वापरले असतील तर त्यांच्याही करारात बहुधा व्यापारी वापराला मनाई असते. प्राध्यापकांना हे करार अनेकदा आठवत नाहीत, कारण सही विभागप्रमुखांनी केलेली असते. विभागाच्या कार्यालयातून फाईल मागवून घ्यावी.

‘बाहेर दाखवलं का’ या प्रश्नाला तोंडी उत्तर नेहमी ‘नाही’ असं येतं. मग खोदून विचारावं लागतं. परिषदेतलं पोस्टर? परिषदेच्या आधी काही आठवडे संकेतस्थळावर चढवलेला सारांश? ग्रंथालयात जमा केलेला प्रबंध? सगळ्यांसाठी खुला ठेवलेला कोड? युरोपात पेटंट-अर्जाच्या तारखेआधी जाहीर झालेली कोणतीही गोष्ट पेटंटसाठी लागणारं नावीन्य घालवते, मग ती स्वतः संशोधकानेच का सांगितलेली असेना. अमेरिकेत संशोधकाने स्वतः जाहीर केल्यावर एक वर्षाची सवलत मिळते, पण एकाच देशातली सवलत जगभर विकायच्या उत्पादनाला पुरत नाही. स्टार्टअप स्पर्धा यात सर्वांत घातक. बक्षिसाच्या आशेने संघ व्यासपीठावर सर्किटची रचना दाखवतो, प्रेक्षकांत कोणीही गोपनीयतेच्या करारावर सही केलेली नसते, आणि चित्रफीत संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचलेली असते. अर्ज दाखल होईपर्यंत ‘काय होतं’ ते सांगावं, ‘कसं होतं’ ते सांगू नये. प्रबंध जमा करायचाच असेल तर तो काही काळ बंद ठेवण्याची विनंती करता येते. बहुतेक विद्यापीठांत त्याची सोय असते.

संशोधकांच्या नावांचाही एक घोळ नेहमी होतो. शोधनिबंधाची लेखकयादी तशीच्या तशी पेटंटवर उतरवली जाते. पेटंटमध्ये नाव येतं ते किमान एका दाव्यातल्या (पेटंटमध्ये ज्यावर हक्क सांगितला जातो त्या मुद्द्यातल्या) कल्पनेत ज्याचा वाटा आहे त्याचं. सांगितल्याप्रमाणे मोजमापं घेणारा, उपकरण उपलब्ध करून देणारा, निधी आणणारा, हे त्यात बसत नाहीत. खरा संशोधक सुटला किंवा नको ते नाव घुसलं, तर पुढे वादाच्या वेळी हीच फट समोरचा पक्ष शोधतो.

पहिला अर्ज दाखल झाला की दोन घड्याळं सुरू होतात. १२ महिन्यांच्या आत परदेशातले अर्ज किंवा पीसीटीचा (पेटंट सहकार्य कराराखालचा, अनेक देशांची वाट खुली ठेवणारा) आंतरराष्ट्रीय अर्ज करावा लागतो. पीसीटीच्या मार्गाने गेलात तर पहिल्या तारखेपासून ३० महिन्यांनी (युरोपीय पेटंट कार्यालयासाठी ३१) वेगवेगळ्या देशांत शिरायचं असतं, आणि खर्चाची उडी तिथे असते: भाषांतरं, प्रत्येक देशातला वकील, प्रत्येक ठिकाणचं शुल्क. इन्क्युबेटरमधला मुक्कामही साधारण दोन-तीन वर्षांचाच असतो. ही दोन वेळापत्रकं एकाच कागदावर मांडावीत. तिसावा महिना यायच्या आत ग्राहक कोणत्या देशांत आहेत हे कळलं पाहिजे, नाहीतर दहा देशांचे पैसे भरावे लागतात किंवा हवा असलेला एक देश हातचा जातो. ही मांडणी सुरुवातीलाच करणारे संघ आम्हाला फार थोडे भेटले.

निवड समिती काय पाहते

अर्जात तंत्रज्ञान किती तयार आहे हे विचारतात तेव्हा नासाने रूढ केलेली, टीआरएल नावाची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी वापरली जाते. पहिली पायरी मूलभूत तत्त्वाची, नववी प्रत्यक्ष वापरात सिद्ध झालेल्या यंत्रणेची. विद्यापीठातलं बहुतेक काम तिसऱ्या-चौथ्या पायरीवर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या पडताळणीवर थांबतं, कारण शोधनिबंध तेवढ्यावर छापून येतो. ग्राहकाला सातव्या-आठव्याच्या खालचं काही नको असतं. मधल्या तीन-चार पायऱ्या चढण्यासाठी इन्क्युबेटर आहे. अर्जात मात्र जवळपास सगळेच स्वतःला सहाव्या पायरीवर दाखवतात. समितीत आम्ही एकच प्रश्न विचारायचो: हे यंत्र बनवणारा माणूस खोलीत नसताना ते चालतं का? पीएचडी करणारा विद्यार्थी प्रत्येक वेळी हाताने जुळवणी करत असेल, तर ती चौथी पायरी. यात कमीपणा काही नाही. पायरी खोटी सांगितली की वेळापत्रक खोटं होतं, एवढंच.

बाजाराच्या पानावर ‘जगात इतक्या अब्जांची उलाढाल, आम्हाला त्यातला १ टक्का मिळाला तरी’ असं वाक्य दिसलं की समितीतले लोक पान उलटतात. त्याऐवजी वीस संभाव्य खरेदीदारांची यादी, प्रत्येकाकडे खरेदीची सही कोण करतं आणि ती कोणत्या महिन्यात होते, एवढं असलं तरी अर्ज वरच्या गठ्ठ्यात जातो.

अर्ज नापास होण्याचं सर्वांत नेहमीचं कारण तंत्रज्ञान नसतं, माणसं असतात. प्राध्यापक आठवड्यातून अर्धा दिवस देणार, एक विद्यार्थी प्रबंध लिहितोय, दुसरा नोकरी शोधतोय, आणि समभाग मात्र तिघांत सारखे वाटून झालेले. पूर्णवेळ झोकून देणारा किमान एक माणूस हवाच. समभागही एकरकमी देऊ नयेत. चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हक्क मिळावा आणि पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी सोडून गेलेल्याला काहीच मिळू नये, ही पद्धत तंत्रज्ञान कंपन्यांत रूढ आहे. ती पहिल्या दिवशी मित्रत्वात मान्य होते. वर्षभराने कोणी सोडून जायला निघालं की मग तिच्यावर बोलणंही अशक्य होतं.

करार

निवड झाली की दोन वेगळे करार समोर येतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक इन्क्युबेटरशी: जागा, सोयी, मुदत, त्याबदल्यात भाडं किंवा समभाग. दुसरा विद्यापीठाशी: तंत्रज्ञानाचा परवाना. पहिला सोपा असतो आणि आठवड्यात उरकतो, म्हणून त्यावर सही करून लोक कामाला लागतात. दुसरा महिनोन् महिने रेंगाळतो. तोवर कंपनी दुसऱ्याच्या मालकीच्या गोष्टीवर घाम गाळत असते. यावर साधा उपाय आहे. सुरुवातीला पूर्ण परवाना न मागता सहा ते बारा महिन्यांचा पर्याय-करार मागावा. त्या मुदतीत विद्यापीठ ते तंत्रज्ञान इतर कोणाला देत नाही, कंपनी बदल्यात थोडी रक्कम किंवा पेटंटचा चालू खर्च भरते, आणि परवान्याच्या मुख्य अटी एका पानावर आधीच ठरवून ठेवल्या जातात.

परवान्यात सगळ्यांचं लक्ष रॉयल्टीच्या टक्क्याकडे असतं. आमच्या मते टक्क्याहून महत्त्वाची ‘निव्वळ विक्री’ची व्याख्या. समजा, उपकरण १०० रुपयांना विकलं जातं आणि पेटंट ज्याचं आहे तो सेन्सर त्यातला १५ रुपयांचा भाग आहे. ३ टक्के रॉयल्टी पूर्ण उपकरणावर लावली तर ३ रुपये जातात, सेन्सरवर लावली तर ४५ पैसे. टक्का तोच, रक्कम जवळपास सातपट. परतावे, वाहतूक, कर वजा होणार का, सेवाशुल्क मोजणार का, हेही त्याच व्याख्येत ठरतं. उत्पादनात इतरांचीही पेटंटं वापरावी लागणार असतील तर सगळ्यांची रॉयल्टी मिळून नफा खाऊन टाकते. म्हणून इतरांना द्याव्या लागलेल्या रॉयल्टीचा काही भाग वजा करून घेण्याचं कलम घालून घ्यावं.

एकाधिकार परवाना, म्हणजे इतर कोणालाही न देता फक्त या कंपनीला दिलेला, मागितला की विद्यापीठ त्याला कामगिरीच्या अटी जोडतं: अमुक तारखेपर्यंत प्रोटोटाइप, तमुक तारखेपर्यंत पहिली विक्री, त्यानंतर वर्षाला किमान रॉयल्टी. अट योग्यच आहे, नाहीतर कंपन्या तंत्रज्ञान दाबून बसतात. पण तारखा कोणी टाकल्या हे पाहावं. नियामक मंजुरी लागणाऱ्या उत्पादनात ‘पहिली विक्री’ची तारीख कंपनीच्या हातात नसते. तिथे ‘मंजुरीसाठी अर्ज दाखल’ असा टप्पा लिहून घ्यावा आणि तारीख चुकल्यास परवाना लगेच रद्द न होता ठरावीक शुल्क भरून मुदत वाढण्याची सोय ठेवावी.

सगळ्यांत कमी वाचलं जाणारं कलम सुधारणांचं. कंपनीचा संस्थापक अजून प्रयोगशाळेत संशोधक असेल, तर सकाळी विद्यापीठात आणि दुपारी कंपनीत सुचलेली सुधारणा कोणाची? करारात रेघ ओढली नसेल तर ती विद्यापीठाकडे जाण्याचीच शक्यता जास्त. रोजच्या कामात ही रेघ अगदी साध्या गोष्टींनी राखली जाते: कंपनीची नोंदवही वेगळी, कोडचं भांडार वेगळं, ईमेल वेगळा, कंपनीचं काम विद्यापीठाच्या संगणकावर नाही. कटकट वाटते, पण गुंतवणूकदाराचा वकील हाच पुरावा मागतो.

इन्क्युबेटरला द्यायच्या समभागांचं गणित करून पाहावं. समजा ४ टक्के दिले. पुढे गुंतवणूकदार २० टक्के घेतो आणि कर्मचाऱ्यांसाठी १० टक्के राखून ठेवले जातात. इन्क्युबेटरचा वाटा इतरांबरोबर विरळ होत असेल, म्हणजे नवे समभाग निघाल्यावर त्याचाही टक्का घटत असेल, तर तो २.८ टक्क्यांवर येतो आणि संस्थापकांकडे ६७.२ टक्के उरतात. वाटा विरळ होणार नाही अशी अट असेल तर तो ४ वर राहतो आणि संस्थापकांकडे ६६. आकड्यात फरक लहान आहे. अडचण वेगळीच: कधीच विरळ न होणारा भागधारक नव्या गुंतवणूकदाराला यादीत नको असतो, आणि ती अट काढायला इन्क्युबेटरच्या मंडळाची पुढची बैठक होईपर्यंत सौदा थांबतो. संरक्षण द्यायचंच तर ते पहिल्या मोठ्या गुंतवणुकीपुरतं मर्यादित ठेवावं.

प्रयोगशाळा

इथे विद्यापीठाला पर्याय नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, स्वच्छ कक्ष, पर्यावरण-चाचणीचे कक्ष, उच्च वारंवारतेची मापन उपकरणं यांचा नुसता देखभालीचा खर्चही नव्या कंपनीला पेलणारा नसतो. इन्क्युबेटरमधल्या कंपन्यांना ही उपकरणं तासाच्या दराने मिळतात. साधारणपणे विद्यापीठातल्या संशोधकांचा एक दर, बाहेरच्या उद्योगांचा त्याहून बराच मोठा दर, आणि इन्क्युबेटरमधल्यांना मधला कुठलातरी. प्रवेशाआधी दरपत्रक मागून घ्यावं आणि प्रशिक्षण, सुरक्षा-परवानगी, विमा यांसाठी वेळ धरावा. स्वतः उपकरण चालवण्याची परवानगी मिळायला आठवडे लागू शकतात, आणि सत्र संपत आलं की सगळ्या वेळा विद्यार्थ्यांनी अडवलेल्या असतात. महत्त्वाच्या चाचण्या प्रबंध जमा करण्याच्या हंगामात ठेवू नयेत. उपकरण सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाशी ओळख असणं हे कोणत्याही करारापेक्षा जास्त उपयोगी पडतं, हे जाता जाता सांगून टाकतो.

एक सापळा जवळजवळ सगळ्यांना लागतो, तो शैक्षणिक सॉफ्टवेअर-परवान्यांचा. त्रिमितीय आराखडे, सर्किटची रचना, सिम्युलेशन, गणन यांची विद्यापीठाने घेतलेली सॉफ्टवेअर शैक्षणिक वापरासाठी असतात आणि त्यांच्या अटींत व्यापारी वापराला मनाई असते. काही सॉफ्टवेअर फाईलमध्येच तशी खूण टाकतात, आणि तीच फाईल पुढे कारखान्याकडे जाते. कंपनी स्थापन झाल्या दिवसापासून आराखडे स्टार्टअपसाठीच्या सवलतीच्या किंवा मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये करावेत. मुक्त स्रोत कोड वापरतानाही परवाना वाचावा: एमआयटी आणि अपाचे २.० या परवान्यांच्या अटी सौम्य आहेत, जीपीएल परवान्याचा कोड उत्पादनात मिसळून वितरित केला तर त्याला जोडलेला स्वतःचा कोडही त्याच अटींवर खुला करावा लागू शकतो. जुन्या विद्यार्थ्यांनी लिहिलेला कोड हा तिसरा प्रकार. पगार न घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या कामावर अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्याचीच मालकी असते. तो दुसऱ्या देशात नोकरीला लागण्याआधी हस्तांतराच्या कागदावर सही घ्यावी.

प्रोटोटाइप हा शब्द एकच, पण त्याच्या आत तीन वेगळी कामं आहेत. पहिला नमुना त्रिमितीय छपाईने होतो आणि तो फक्त कल्पना दाखवतो. ग्राहकांकडे ठेवायला दहा-वीस नग लागतात तेव्हा सिलिकॉनच्या साच्यात पॉलियुरेथेन ओतून करतात. एका साच्यातून साधारण वीस-पंचवीस नग निघतात आणि मग साचा झिजतो. शेकडो-हजारो नगांसाठी इंजेक्शन मोल्डिंगचा धातूचा साचा करावा लागतो. इथे खड्डा असा की छपाई कोणताही आकार मान्य करते, साचा करत नाही. उभ्या भिंतींना थोडा उतार नसेल तर भाग साच्यातून सुटत नाही. भिंतींची जाडी कमी-जास्त असेल तर थंड होताना जाड जागी खळगा पडतो. आतल्या बाजूचे हूकसारखे वळलेले भाग साच्याची किंमत वाढवतात. म्हणून दुसऱ्या टप्प्यावरच आराखडा साचा करणाऱ्याला दाखवावा. साच्यात शंका असलेल्या जागी धातू जास्त ठेवायला सांगावा, कारण धातू नंतर कोरून काढता येतो, भरणं महाग आणि कमजोर असतं.

विद्युतचुंबकीय अनुरूपतेची चाचणी, म्हणजे उपकरण इतर उपकरणांत व्यत्यय आणतं का हे पाहणारी, ही इलेक्ट्रॉनिक उत्पादनांची हमखास अडण्याची जागा. अधिकृत प्रयोगशाळेत थेट गेलं तर बरीच नवी उपकरणं पहिल्या फेरीत नापास होतात. बोर्डाला जोडलेली केबल अँटेनासारखी वागते, वीज रूपांतर करणारा स्विचिंग भाग विद्युत गोंगाट करतो, किंवा बोर्डातल्या ग्राउंडच्या थराला मध्येच खाच पडलेली असते. विद्यापीठात स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आणि जवळून मोजणारी प्रोब असतातच. त्यांच्यावर आधी एक दिवस घालवला तर स्रोत सापडतो, आणि फेराइट (केबलवरचा गोंगाट शोषणारा चुंबकीय भाग), फिल्टर किंवा बोर्डाची नवी आवृत्ती यांतलं काय लागेल ते कळतं. मोजणी अंतिम आवरणात, खऱ्या लांबीच्या केबली लावून करावी. उघड्या बोर्डावरचा निकाल फसवा असतो.

वैद्यकीय उपकरणांचं अजून एक. आयएसओ १३४८५ या त्यांच्या गुणवत्ता-व्यवस्थेच्या मानकाप्रमाणे रचनेच्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवायच्या असतात: गरज काय, निर्णय का घेतला, धोका कसा मोजला, चाचणी कशी केली. संशोधनाच्या वह्या त्या रूपात नसतात. दोन वर्षांचं काम झाल्यावर मागे जाऊन नोंदी तयार करायला बसलेल्या संघांचे सहा-सहा महिने त्यातच जातात, आणि काही चाचण्या पुन्हा कराव्याच लागतात, कारण तेव्हाच्या उपकरणाचं कॅलिब्रेशन (मोजमाप अचूक असल्याची तपासणी) सिद्ध करता येत नाही.

प्राध्यापक कंपनीत भागधारक आणि त्याच वेळी विद्यार्थ्यांचा मार्गदर्शक असेल तर हितसंबंधांची लेखी घोषणा करावी लागते. विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा विषय कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे वळायला लागला की विद्यापीठ हस्तक्षेप करतं, आणि ते योग्यच आहे. उपाय म्हणजे अशा विद्यार्थ्याला कंपनीशी संबंध नसलेला सहमार्गदर्शक नेमणं आणि प्रबंध छापण्यावर कंपनीची अडवणूक नसल्याचं लिहून देणं.

प्रश्न विचारणारी माणसं

मेंटॉरांची यादी लांब असली की संकेतस्थळ छान दिसतं. प्रत्यक्षात एका कंपनीला दोन-तीनच जण पुरतात: त्या क्षेत्रात वस्तू विकलेला एक, हिशेब-करार जाणणारा एक, आणि आधी कंपनी काढून ती चालवलेला किंवा बंद केलेला एक. जास्त झाले की या आठवड्यात एक म्हणतो रुग्णालयांना विका, पुढच्या आठवड्यात दुसरा म्हणतो विमा कंपन्यांकडे जा, आणि संघ दर भेटीनंतर दिशा बदलतो. यावर चाललेला उपाय असा: प्रत्येक सल्ला लिहून ठेवायचा, पण निर्णय फक्त मासिक आढाव्यातच बदलायचा. आढाव्याचा कागद एका पानाचा. शिल्लक रोकड, दरमहा खर्च, त्यावरून उरलेले महिने, मागच्या महिन्यात दिलेली आश्वासनं आणि त्यांतली पाळलेली. सादरीकरण नको. सुंदर चित्रांत आकडे लपतात.

ग्राहकांशी बोलण्याच्या बाबतीत अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ मध्ये सुरू केलेल्या आय-कोर या कार्यक्रमाचा अनेक इन्क्युबेटरांवर प्रभाव आहे: सात आठवडे आणि किमान १०० मुलाखती. आकडा जाचक वाटतो, पण पहिल्या पंधरा-वीस मुलाखती ओळखीच्या लोकांच्या असतात आणि ते गोड बोलतात. खरं ऐकू येतं ते त्यानंतर. ‘हे मिळालं तर घ्याल का?’ हा प्रश्न विचारायचाच नाही, त्याला सगळे हो म्हणतात. मागच्या वेळी ही अडचण कधी आली, तेव्हा काय केलंत, त्यात किती वेळ आणि पैसा गेला, असं घडून गेलेलं विचारायचं. यातून बहुतेक वेळा निघतं ते असं की वापरणारा एक, पैसे देणारा दुसरा, आणि नकार देऊ शकणारा तिसराच कोणीतरी आहे. माहिती-सुरक्षा विभागातल्या माणसाशी कोणी बोललेलं नसतं, आणि विक्री तिथे अडते.

पहिली प्रायोगिक बसवणूक फुकट देऊ नये. रक्कम नाममात्र असली तरी चालेल, कारण पैसे दिले की ग्राहकाकडे त्या कामाचा धनी ठरतो. सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, यश मोजायचे दोन किंवा तीन निकष, आणि ते साधले तर पुढची खरेदी कधी व कोणत्या दराने, हे आधी लिहून घ्यावं. हे नसलं की वर्षभर ‘छान चाललंय’ ऐकू येतं आणि मागणीपत्र येत नाही. विद्यापीठ स्वतः पहिला ग्राहक होत असेल तर घ्यावा, पण त्यावरून बाजाराचा अंदाज बांधू नये. संशोधक उपकरणाचे दोष सहन करतात, वेळ पडली तर स्वतः दुरुस्तही करतात. कारखान्यातला पाळीप्रमुख ते बंद करून कोपऱ्यात ठेवतो.

पैसे आणि बाहेरचं दार

अनुदानाचा पैसा समभाग घेत नाही, म्हणून तो आधी घ्यावा, हे खरं. पण तो हप्त्याने येतो, आधीच्या हप्त्याचा विनियोग दाखवल्यावर पुढचा सुटतो, आणि उशीर ठरलेलाच. पगार अनुदानावर अवलंबून असतील तर तीन महिन्यांची रोकड वेगळी ठेवावी लागते. शिवाय विक्रीवर खर्च करायला बहुतेक अनुदानं परवानगी देत नाहीत, त्यामुळे संघ यंत्र सुधारत राहतो आणि विकायला कोणी जात नाही. भविष्यात समभागांत बदलणारा ‘सेफ’ हा करारनमुना वाय कॉम्बिनेटर या स्टार्टअपमध्ये पैसे घालणाऱ्या अमेरिकी संस्थेने २०१३ मध्ये आणला आणि तो झटपट होतो म्हणून लोकप्रिय झाला. झटपट होणं हीच त्यातली अडचण. वेगवेगळ्या वेळी १०, ८ आणि ७ टक्क्यांचे तीन करार केले तर पहिली रीतसर गुंतवणूक येण्याआधीच २५ टक्के गेलेले असतात, आणि ते कोणत्याही यादीत दिसत नाहीत. प्रत्येक कराराबरोबर भागधारकांचा तक्ता ‘सगळं समभागांत बदललं असं धरून’ नव्याने मांडावा. गुंतवणूक मिळवायला अर्धं वर्ष सहज जातं, म्हणून रोकड नऊ-दहा महिन्यांची असतानाच सुरुवात करावी.

इन्क्युबेटर सोडणं हा समारंभ नसून स्थलांतराचं काम आहे, आणि ते शेवटच्या महिन्यात उरकत नाही. बाहेर पडताच उपकरणांचा दर बाहेरच्या उद्योगाचा होतो, संशोधन-पत्रिकांचे विदासंच बंद होतात, विद्यार्थ्यांचे हात मिळेनासे होतात. म्हणून मुदतीच्या सहा महिने आधी प्रत्येक महत्त्वाची मोजणी बाहेरच्या एखाद्या प्रयोगशाळेत पुन्हा करून पाहावी. दोन निकाल जुळले नाहीत तर कारण शोधायला विद्यापीठातलं उपकरण अजून हाताशी असतं. नोंदणीकृत पत्ता बदलताना कंपनीच्या नोंदणीबरोबर बँक, कर, पेटंट कार्यालय आणि परवाना-करारातल्या सूचनेच्या कलमातला पत्ताही बदलावा. पेटंटच्या नूतनीकरणाची आठवण आणि रॉयल्टीच्या नोटिसा याच पत्त्यावर येतात, आणि इन्क्युबेटरच्या स्वागतकक्षातली टपाल वाटणारी व्यक्ती त्या पुढे पाठवेलच असं नाही. प्रयोगशाळेतून निघताना वापरलेल्या प्रत्येक उपकरणाच्या कॅलिब्रेशन प्रमाणपत्राची प्रत आणि वापराच्या नोंदवहीतली आपली पानं साक्षांकित करून घ्यावीत. नियामकाने दोन वर्षांनी विचारलं तर तोवर ते उपकरण मोडीत निघालेलं असू शकतं.